तीन बाजूंना पुनर्विकास सुरू असताना घरात राहायचे कसे?

चौथा मजला

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत राहतो. आमच्या आसपासच्या बहुतेक इमारती एकाच काळात बांधलेल्या असल्यामुळे त्या म्हाताऱ्याही एकदमच झाल्या आणि त्यांचा पुनर्विकासही एकदमच निघाला. आज आमच्या एका बाजूला पाडकाम, मागच्या बाजूला पायासाठी खोदकाम आणि समोर, रस्त्यापलीकडे, एका उंच इमारतीचे स्लॅब टाकण्याचे काम अशी तीन कामे एकाच वेळी चालू आहेत.

सकाळी आठ वाजता पोकलेनला बसवलेला ब्रेकर सुरू होतो. त्याची धडधड कानांच्या आधी तळपायांना कळते. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर स्टीलच्या वाट्या किणकिणू लागल्या की आठ वाजले असे समजायचे. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. ब्रेकर सुरू झाला की त्या श्रवणयंत्र काढून डबीत ठेवतात आणि संध्याकाळी काम थांबल्यावरच पुन्हा लावतात, त्यामुळे दिवसभर आमचे बोलणे खुणांवर, आणि औषधांसारखे महत्त्वाचे काही असेल तर मुलाच्या जुन्या पाटीवर लिहून चालते. मी घरून जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करते. एका रकमेशी दुसरी रक्कम जुळवत असताना मध्येच धागा तुटतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. अशिलांचा फोन आला तर मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बोलते.

रात्रीचा प्रकार निराळा आहे. समोरचा स्लॅब असतो त्या रात्री दहा-साडेदहानंतर काँक्रीटचे मिक्सर रांगेने येतात, इंजिन बंद न करता गल्लीत उभे राहतात आणि मागे घेताना प्रत्येकाची ती ठरलेली धून वाजते. स्लॅब नेमका कोणत्या रात्री आहे हे आधी कधीच कळत नाही. खरे सांगायचे तर ज्या रात्री मिक्सर येत नाहीत त्या रात्रीही मी बराच वेळ जागी असते, कारण आज येणार की नाही याकडेच कान लागलेले असतात.

घरात यावर दोन तट आहेत. यजमानांचे म्हणणे असे की मुंबईत राहायचे तर एवढे चालायचेच, हळूहळू सवय होईल. माझा अनुभव नेमका उलट आहे. सुरुवातीला मला जेवढा त्रास होत होता त्यापेक्षा आज अधिक होतो, आणि मुलाच्या हातून चमचा पडला तरी मी त्याच्यावर खेकसते. हा माझ्याच स्वभावाचा दोष मानावा का? कायद्याने यात काही करता येते का? खिडक्या बदलून उपयोग होतो का? शेवटचा प्रश्न जरा अडचणीचा आहे. आमच्या सोसायटीनेही विकासक निवडला आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षांत हीच इमारत पाडली जाणार आहे. अशा स्थितीत घरावर खर्च करावा, की आताच भाड्याने दुसरीकडे जावे? आणि जावे तर कुठे, कारण जिथे घर पाहायला जातो तिथेही शेजारी हिरवी जाळी आणि पत्रे लागलेले दिसतात.

नीरव

ताई, स्वभावाच्या दोषाचा प्रश्न आधी निकालात काढू या, कारण घरातले वाद त्यावरच होतात आणि त्यांत आवाज सहन करणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शहरी ताणावर केलेले प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना १०८ डेसिबलपर्यंतचे कर्कश आवाज ऐकवत आकडेमोडीसारखी कामे करायला दिली. आश्चर्य असे की आवाज चालू असताना लोक थोड्याच वेळात रुळले आणि त्यांचे काम बऱ्यापैकी होऊ लागले. यजमान म्हणतात ती सवय हीच. मात्र आवाज बंद झाल्यानंतर त्याच लोकांना न सुटणारी कोडी आणि मुद्रितशोधनाचे काम दिले तेव्हा फरक दिसला. ज्यांनी अनियमित, केव्हाही येणारा आवाज ऐकला होता त्यांनी कोडी लवकर सोडून दिली आणि मुद्रितशोधनात जास्त चुका केल्या. ज्यांना तोच आवाज ठरावीक अंतराने ऐकवला होता त्यांची स्थिती बरीच बरी होती. सवय झाली खरी, पण तिची किंमत नंतर वसूल झाली. ब्रेकर थांबल्यावर संध्याकाळी चमच्याच्या आवाजाने तुमचा तोल जातो, तो याच वसुलीतला भाग आहे असे मला वाटते.

त्या प्रयोगांतला आणखी एक भाग मला सर्वांत बोलका वाटतो. काही लोकांच्या हाताशी एक बटण ठेवले होते आणि फारच असह्य झाले तर ते दाबून आवाज बंद करता येईल, पण शक्यतो दाबू नका, असे त्यांना सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही, म्हणजे त्यांच्या कानांवर इतरांइतकाच आवाज पडला, तरीही नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. आवाज तोच, फरक एवढाच की तो आपल्या हातात आहे असे त्यांना वाटत होते. तुम्ही लिहिले आहे की मिक्सर न आलेल्या रात्रीही झोप लागत नाही. त्या रात्री आवाज शून्य असूनही ताण पूर्ण असतो. म्हणून माझे मत असे की डेसिबल कमी करण्याच्या मागे लागण्याआधी तुम्ही वेळापत्रक मिळवण्याच्या मागे लागावे.

मुलाविषयीही एक सांगतो. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गाला खेटून असलेल्या एका शाळेचा अभ्यास आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडली होती आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या आणि वर्गांच्या छतांना ध्वनिशोषक आवरण लावले, तेव्हा १९८१ च्या अभ्यासात हे अंतर नाहीसे झालेले आढळले. मुलाची अभ्यासाची जागा ब्रेकरच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत हलवता आली तर ती आजच हलवा. त्याला पैसेही लागत नाहीत.

कायद्याची विद्यार्थिनी

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे या बाबतीतले मुख्य नियम आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे की डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे मर्यादेपेक्षा "फक्त" वीस डेसिबल जास्त, असे कोणी म्हणाले तर ते फक्त नसते.

तुमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तरतूद २०१० च्या दुरुस्तीत आहे. तिच्यानुसार निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्रीच्या वेळी आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवता येत नाहीत. तातडीचा प्रसंग वगळता निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यासही त्याच दुरुस्तीने मनाई केली आहे. दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार करायची तर तो मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वर असावा लागतो आणि मग मोजमापाचा वाद सुरू होतो. रात्रीच्या मनाईचा भंग झाला असेल तर तेवढ्यावर तक्रार करता येते, डेसिबलच्या हिशेबात शिरण्याची गरज नसते. काँक्रीटचा पंप आणि व्हायब्रेटर ही आवाज करणारी यंत्रे नाहीत असे कोणताही विकासक गांभीर्याने म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

तक्रारीचा मार्ग असा. काम चालू असताना ११२ वर फोन करावा आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. अर्जाची प्रत महापालिकेच्या टी विभाग (म्हणजे मुलुंडच्या) कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी. तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, आणि घड्याळ दिसेल असे खिडकीतले चित्रीकरण, एवढी नोंद प्रत्येक वेळी ठेवावी. फोनमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचे आकडे अधिकृत पुरावा म्हणून चालत नाहीत, पण नोंदवहीत लिहायला हरकत नाही. अर्ज एकट्याच्या नावाने न देता सोसायटीच्या पत्रशीर्षावर, समितीच्या सहीने दिला तर त्याचे वजन वेगळे पडते.

शेजाऱ्यांशी वैर येईल या भीतीने पुष्कळ लोक तक्रारच करत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला-चुनाभट्टी भागातील एका प्रकरणात, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करावी असे सांगितले. ते प्रकरण ध्वनिक्षेपकांचे होते, बांधकामाचे नव्हते, तरी पोलीस ठाण्यात त्याचा उल्लेख करण्यास हरकत नाही. आणि या साऱ्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल आहे. बोलण्याचा अधिकार सर्वांना आहे, परंतु इतरांना ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा त्याचा आशय आहे.

जुना गिरगावकर

वरचे सारे वाचले आणि पटलेही, परंतु थोडा वेगळा सूर लावतो. आमचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. पहाटे चारला नळाला पाणी आले की सगळ्या गॅलरीत हंडे-कळश्यांचा खणखणाट होई, शेजारच्या खोलीतला खोकला भिंतीतून ऐकू येई, आणि एकाच्या रेडिओवर सारा मजला बातम्या ऐकत असे. शांतता अशी या शहरात कधी नव्हतीच. फरक मला एवढाच दिसतो की तो आवाज कोणाचा आहे हे माहीत असे. खोकणारे कोण आणि त्यांना बरे वाटते आहे का, हे दुसऱ्या दिवशी विचारता येई. आणि रेडिओवाल्याला "जरा हळू कर रे" असे ओरडून सांगता येई. नीरव यांनी लिहिलेले बटण आमच्याकडे बहुधा तेच होते. आज ब्रेकर कोण चालवतो हे तुम्हाला माहीत नाही आणि चौथ्या मजल्यावर कोण राहते हे त्याला माहीत नाही.

दुसरा मुद्दा थोडा बोचरा आहे, पण बोलतो. तुमची इमारत पाडली जाईल तेव्हा विकासकाने दिलेले भाडे घेऊन तुम्ही दुसरीकडे राहायला जाल आणि तुमच्या ब्रेकरचा आवाज शेजारची सोसायटी ऐकेल. तेव्हा शेजाऱ्यांसाठी काही अटी तुमच्या करारनाम्यात आजच घालून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील निर्देशांनुसार सर्वसाधारण सभेत विकासक निवडणे, देकार मागवणे हे सारे सोपस्कार होतात, पण त्या सभांत चर्चा चालते ती चटईक्षेत्राची, कॉर्पस निधीची आणि वाहनतळाची. कामाच्या वेळा, पाडकामाची पद्धत, स्लॅबची पूर्वसूचना यांविषयी एक ओळ कोणी मांडत नाही, कारण तेव्हा आपण तिथे राहणार नसतो.

काचकाम

खिडक्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागून राहतो आणि खिडक्यांचाच व्यवसाय करतो. मुंबईतल्या बहुतेक घरांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात आणि त्यांच्या दोन तावदानांमध्ये फक्त केसाळ पट्टी असते. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, त्यामुळे अशा खिडकीची काच कितीही जाड केली तरी पैसे वाया जातात. दारासारखी उघडणारी, रबरी गास्केटवर दाबून बसणारी खिडकी आणि तिला मध्ये पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच, हा खरा उपाय आहे. दुहेरी काच लावायची तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, म्हणजे दोघींतून एकच स्वर आरपार जात नाही.

मात्र तुमच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. ब्रेकरची धडधड जमिनीतून आणि भिंतींतून येते, ती कोणतीही खिडकी अडवू शकत नाही. शिवाय खिडकी घट्ट बंद केली की एप्रिल-मेमध्ये वातानुकूलन लावल्याशिवाय खोलीत बसता येत नाही, म्हणजे विजेचे बिल वेगळे. इमारत दोन-तीन वर्षांत पाडली जाणार असेल तर सगळे घर करू नका. रस्त्याच्या बाजूची झोपण्याची एकच खोली करा, तीही आतून दुसरी खिडकी बसवून, जी नंतर काढून नेता येते. जाड पडदे, अंड्यांचे ट्रे, भिंतीला चिकटवायचे स्पंजचे तुकडे यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. लोक हे मानायलाच तयार नसतात.

सदाशिवपेठी

विषय बांधकामाचा आहे हे मान्य, परंतु पुण्याहून एक भर घालतो. गणेशोत्सवाच्या आधीचे कित्येक आठवडे मुठेच्या काठावर ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि संध्याकाळी नदीच्या दोन्ही तीरांवरच्या घरांत दूरदर्शन संचाचा आवाज कितीही वाढवला तरी ऐकू येत नाही. पूर्वी मीही एका पथकात होतो, त्यामुळे त्यातला आनंद मला माहीत आहे. तरीही सरावाच्या वेळा आधी जाहीर केलेल्या असल्या आणि त्या पाळल्या गेल्या की काठावरचे लोक फारशी तक्रार करत नाहीत, आणि वेळ टळून वाजत राहिले की त्याच लोकांचे फोन पोलिसांकडे जातात, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. नीरव यांच्या मुद्द्याला एवढाच दुजोरा.

साइटवरचा

मी बांधकाम अभियंता आहे आणि ज्या कामांना तुम्ही सगळे शिव्या देत आहात तीच कामे करतो. बचाव करायला आलेलो नाही, पण आत काय चालते हे कळले तर कोणाशी काय बोलायचे हे ठरवता येईल.

आधी रात्रीच्या स्लॅबविषयी. एका मजल्याचा स्लॅब समजा १२० घनमीटरचा असेल आणि एका मिक्सरमध्ये सहा घनमीटर माल येत असेल, तर वीस खेपा होतात. प्लांटमधून निघालेले काँक्रीट काही तासांतच ओतावे लागते. मिश्रणात रसायन घालून ही मुदत वाढवता येते, पण तिला मर्यादा आहे. ओतणे मध्येच थांबले तर आधीचा थर घट्ट होतो आणि नव्या थराशी एकजीव होत नाही. त्याला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो, आणि पुढे गळती सुरू होते ती तिथूनच. दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असतात आणि उरलेल्या वेळी पूर्वद्रुतगती महामार्गावर मिक्सर कधी कुठे अडकेल याचा भरवसा नसतो. म्हणून कंत्राटदार रात्र निवडतो. गल्लीत उभ्या मिक्सरचे इंजिन बंद करत नाहीत, कारण त्याचा ड्रम फिरता ठेवावा लागतो. यामागे चालकाचा निष्काळजीपणा नसतो.

हे कारण खरे असले तरी त्याने नियम बदलत नाही. कायद्याच्या विद्यार्थिनीने लिहिले आहे ते बरोबर आहे आणि आमच्या क्षेत्रात ते सर्वांना ठाऊक आहे. स्लॅब दोन भागांत विभागून, सांध्याची जागा आधीच आरेखनात ठरवून, सकाळी सहाला सुरुवात करून दिवसात ओतता येतो. त्यात वेळ आणि पैसा थोडा जास्त जातो, म्हणून कोणी मागितल्याशिवाय ते होत नाही.

आता वेळापत्रकाविषयी. स्लॅबची तारीख आम्हाला अचानक कळत नाही. शटरिंग, मग सळई, मग विजेच्या नळ्या, मग सल्लागाराची तपासणी, असा क्रम असतो आणि तपासणीची तारीख ठरली की स्लॅब कधी हे दोन-तीन दिवस आधी साइटवरच्या मुकादमापर्यंत सर्वांना माहीत असते. ते शेजाऱ्यांना कळवायला एका संदेशापलीकडे काही लागत नाही. त्यामुळे तक्रार अर्ज द्याच, पण त्याआधी किंवा त्यासोबत साइट अभियंत्याला भेटा. विक्री कार्यालयात जाऊ नका, तिथे तुम्हाला सरबत मिळेल आणि माहितीपत्रक मिळेल. सकाळी साडेआठच्या सुमारास फाटकाशी जाऊन साइट इंजिनीअर कोण ते विचारा.

त्याच्याकडे मागण्यासारख्या गोष्टी म्हणजे स्लॅबची पूर्वसूचना, मिक्सर गल्लीत न थांबवता मुख्य रस्त्यावर थांबवून एकेक आत सोडणे, मागे घेताना झेंडेवाला माणूस उभा करणे, म्हणजे ती धून आणि हॉर्न लागत नाहीत, आणि काँक्रीटचा पंप तुमच्या खिडकीच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेवणे. ध्वनीचा स्रोत दुप्पट अंतरावर गेला की मोकळ्या जागेत सुमारे ६ डेसिबल कमी होतात, आणि पंप हलवायला फक्त नळीची लांबी वाढवावी लागते. ॲल्युमिनियमचे साचे असतील तर ते काढताना हातोड्याने पाडतात तो आवाज सर्वांत तीक्ष्ण असतो. ते काम दुपारी न करता सकाळी करायला सांगा, हे सहज मान्य होते.

पाडकामात ब्रेकरऐवजी जबड्यासारखा क्रशर वापरता येतो. तो काँक्रीट ठोकत नाही, चिरडतो, त्यामुळे धक्के खूपच कमी बसतात. हे जुना गिरगावकर काकांनी सुचवल्याप्रमाणे तुमच्या स्वतःच्या करारनाम्यात नक्की लिहून घ्या. धुळीसाठी महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये साइटभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे लावणे बंधनकारक केले, त्यांचा आवाजालाही थोडा आडोसा होतो, परंतु तो खालच्या मजल्यांना. तुमच्या खिडकीतून यंत्र दिसत असेल तर पत्र्याचा तुम्हाला उपयोग नाही.

चौथा मजला

सर्वांचे मनापासून आभार. नीरव यांचे उत्तर मी यजमानांना वाचायला दिले. ते पूर्ण वाचून "मग तुला बटण हवे आहे तर" असे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच माझ्याबरोबर फाटकाशी आले, ही आमच्या घरच्या मानाने मोठीच प्रगती आहे.

समोरच्या साइटवरचा अभियंता तरुण मुलगा निघाला, सांगलीकडचा, आणि साइटवरच्याच कंटेनरमध्ये राहतो. म्हणजे रात्रीचा तो सारा गोंगाट त्यालाही उशाशी असतो. त्याने आमच्या सोसायटीच्या सचिवांचा क्रमांक घेतला आणि मागच्या स्लॅबची सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी खरोखरच आली. मिक्सर आलेच आणि रात्री दीडपर्यंत थांबलेही, पण त्या रात्री मी सासूबाईंच्या खोलीत, मागच्या बाजूला झोपले आणि त्याच्या आदल्या रात्री तर साडेनऊलाच झोपले, कारण काही येणार नाही हे माहीत होते. रात्री काम चालवणे बेकायदेशीर आहे याविषयीचा अर्ज समितीच्या सहीने पोलीस ठाण्यात दिला आहे आणि पोच घेतली आहे. मुलगा चांगला आहे म्हणून हे सोडून द्यावे असे एकदा मनात आले होते, पण निर्णय त्याच्या हातातला नाही, वरच्यांच्या हातातला आहे, म्हणून दिला. पाडकामाच्या साइटवर मात्र कोणी दाद दिली नाही. तिथे तर अभियंता कोण हेच फाटकावरच्या माणसाला सांगता आले नाही.

साइटवरचा यांना आणखी एक विचारायचे आहे. मागच्या बाजूला खोदकाम आहे तिथे माती संपून काळा दगड लागला आहे असे वरून दिसते. तो किती काळ फोडत बसतील याचा काही अंदाज बांधता येतो का? मुलाची दहावी आहे आणि फेब्रुवारीच्या आत हे संपणार नसेल तर निदान परीक्षेपुरते त्याला डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे ठेवता येईल.

साइटवरचा

मुंबईच्या पोटात बेसाल्टचा कातळ आहे आणि तो अनेक ठिकाणी फारसा खोल नाही. वरून पाहून मुदत सांगता येणार नाही, पण तुम्ही स्वतः अंदाज बांधू शकता. तळघर किती मजल्यांचे आहे ते फाटकावरच्या माहितीफलकावर किंवा मंजूर आराखड्यात पाहा. एका तळघरासाठी सुमारे साडेतीन-चार मीटर खोदाई धरा. आता दगड कितव्या मीटरला लागला आहे त्यावरून उरलेली खोली कळेल. मग आठवडाभर रोज संध्याकाळी खिडकीतून एकाच जागेवरून फोटो काढा, म्हणजे आठवड्याला किती खोल जातात ते दिसेल. तळघर दोन मजल्यांचे असेल आणि दगड आत्ताच लागला असेल तर फेब्रुवारीची आशा धरू नका.

दगड फोडण्यासाठी ब्रेकर हा एकमेव मार्ग नाही. भोके पाडून त्यांत फुगणारे रसायन भरतात, रात्रभरात दगडाला आपोआप तडे जातात आणि सकाळी नुसते तुकडे उचलायचे राहतात. भोके पाडण्याचा आवाज होतोच, पण तो ब्रेकरच्या मानाने थोडा वेळ चालतो आणि भिंती हादरत नाहीत. खर्च अधिक असल्यामुळे कंत्राटदार स्वतःहून करत नाही. शेजारच्या जुन्या इमारतींना हादऱ्यांनी तडे जात आहेत अशी लेखी तक्रार छायाचित्रांसह आली, तर मात्र संरचना सल्लागार स्वतःच ते सुचवतो, कारण उद्या काही झाले तर जबाबदारी त्याच्या सहीवर येते. तुमची इमारत जुनी आहे. जिन्यातल्या आणि गच्चीतल्या तड्यांवर आज पेन्सिलने दोन्ही टोकांना खूण करून तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. महिन्याने तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला तर तो फोटो अर्जाला जोडा. अर्ज विकासकाबरोबर सल्लागारालाही पाठवा, त्याचे नाव फलकावर असते.

मुलाला डोंबिवलीला पाठवणार असाल तर बहिणीच्या गल्लीतले फलक आधी पाहून घ्या. तिथेही आमचीच माणसे काम करत असतील.